३६० अंशांचा व्हिडिओ: कॅमेरा, सॉफ्टवेअर आणि खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नकार्यांचं शूटिंग करणारे, कोकणात होमस्टे चालवणारे, बिल्डरांच्या जाहिराती सांभाळणारे, झालंच तर एखाद्या शाळेतले हौशी सर, यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. खाली डॉलरमध्ये दिलेल्या कॅमेऱ्यांच्या किमती ते बाजारात आले तेव्हाच्या, अमेरिकेतल्या आहेत आणि त्यांत तिथला कर धरलेला नाही. आपल्याकडचा आकडा दुकानातून जीएसटीसकट लेखी घ्यावा. डॉलरला रुपयाच्या भावाने गुणून केलेलं बजेट पुरत नाही.

सुरुवात करायला एकूण किती पैसे लागतात?

याच्या आधीचा एक प्रश्न सुटल्याशिवाय हे सांगता येत नाही. तुमचा व्हिडिओ बघणारा माणूस स्वतः फोन किंवा मान फिरवून चारी दिशा बघणार आहे का? की तुम्ही चारी दिशांचं शूट करून त्यातला हवा तो तुकडा काढून नेहमीसारखा सपाट व्हिडिओ देणार आहात?

दुसऱ्या प्रकाराला धंद्यात रीफ्रेमिंग म्हणतात. बाइकवरचे प्रवास, वरातीतला नाच, इन्स्टावरची रील्स हे सगळं त्यात आलं. त्यासाठी खिशात मावणारा एक कॅमेरा, दोन कार्डं, एक जादा बॅटरी, काठी आणि कंपनीचं फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू होतं. पहिल्या प्रकारात मात्र तोच कॅमेरा तोकडा वाटू लागतो. संगणक, डिस्क, संकलनाचं सॉफ्टवेअर, आवाज, सगळंच वरच्या पायरीचं लागतं. कॅमेऱ्याची किंमत दोन्हीकडे तीच राहिली तरी बाकीचं बिल सहज दुप्पट होतं.

म्हणून गिऱ्हाइकाने ‘थ्री-सिक्स्टी पाहिजे’ म्हटल्याबरोबर मान डोलावू नका. बघणार कशावर, ते विचारा. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवायचाय.’ व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरवून बघता येत नाही. तिथेच तुमचे अर्धे पैसे वाचले.

५.७के आणि ८के यांत जादा पैसे मोजण्याइतका फरक आहे का?

आहे. तो कसा, हे एकदा स्वतः मांडून बघा, म्हणजे दुकानदाराचं ऐकून घ्यावं लागणार नाही.

साध्या कॅमेऱ्याचं ४के म्हणजे एका चौकटीत ३,८४० पिक्सेल रुंदी. ३६० कॅमेऱ्यात तेवढीच रुंदी सगळ्या वर्तुळात वाटली जाते, आणि बघणाऱ्याच्या समोर एका वेळी त्यातला पाव हिस्साच असतो. ५.७के म्हणजे ५,७६० पिक्सेल भागिले ३६०, अंशाला १६ पिक्सेल. ९० अंशांची चौकट काढली की साधारण १,४४० पिक्सेल रुंदीचं चित्र हातात येतं, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी. ८केमध्ये ७,६८० पिक्सेल असतात. त्यांतून ९० अंशांना १,९२० मिळतात, बरोबर फुल एचडी. थोडक्यात, खोक्यावर ८के असं मोठ्या अक्षरात छापलेला कॅमेरा तुम्हाला फुल एचडीचा एक व्हिडिओ देतो. ‘८के घेतला, आता ४के टीव्हीवर झकास दिसेल’ अशी अपेक्षा असेल तर आत्ताच सोडून द्या.

तुलनेसाठी, चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशात साधारण ६० पिक्सेलपर्यंतचा तपशील ओळखता येतो. मेटाच्या क्वेस्ट ३ या डोळ्यांवर बांधायच्या हेडसेटचा पडदा अंशाला सुमारे २५ पिक्सेल दाखवतो. म्हणजे हेडसेटसाठी काम असेल तर ५.७के कमी पडतं आणि ८केसुद्धा जेमतेम पुरतं. फोनवरच्या रीलसाठी ५.७के आजही चालून जातं. तिथे जुना कॅमेरा स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्यावा.

आणखी एक गोष्ट खोक्यावर मोठ्याने लिहिलेली नसते: सेन्सर, म्हणजे लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप. दिवसाउजेडी सगळेच कॅमेरे बरे दिसतात. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत किंवा संध्याकाळच्या वरातीत लहान सेन्सरचा ८के कॅमेरा मोठ्या सेन्सरच्या ५.७केपुढे हरतो. लग्नाचं काम मुख्य असेल तर सेन्सरचा आकार आधी बघावा, केचा आकडा नंतर.

मग सध्या कोणते कॅमेरे बघावेत?

इन्स्टा३६०चा एक्स३ सप्टेंबर २०२२ मध्ये ४५० डॉलरला आला, ५.७केचा. एक्स४ एप्रिल २०२४ मध्ये ५०० डॉलरला, ८केचा. एक्स५ एप्रिल २०२५ मध्ये ५५० डॉलरला, तोही ८के, पण सेन्सर मोठे आणि लेन्स घरच्या घरी बदलता येणारी. गोप्रोचा मॅक्स २०१९ मध्ये ५०० डॉलरला आला होता. त्यानंतर मॅक्स२ यायला २०२५ उजाडलं, तोही ८के आणि लेन्स बदलण्याजोगा. जुलै २०२५ मध्ये डीजेआय ऑस्मो ३६० घेऊन या शर्यतीत उतरली. रिकोची थीटा ही या सगळ्यांची थोरली, पहिली २०१३ची. २०१९ची तिची झेड१ एक इंची सेन्सरमुळे स्थिर चित्रांसाठी अजून नावाजली जाते, पण व्हिडिओ ४केचाच आहे, त्यामुळे या यादीत ती बसत नाही.

माझं मत विचाराल तर नवा घेताना लेन्स बदलता येणाराच घ्यावा. कारण पुढे काठीच्या प्रश्नात आहे.

पूर्वी यासाठी लाखो रुपये लागायचे म्हणतात. खरं आहे का?

अगदी खरं, आणि आजच्या खरेदीआधी तो काळ माहीत असणं उपयोगाचं आहे.

यूट्यूबने मार्च २०१५ मध्ये ३६० व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली, फेसबुकने त्याच वर्षी सप्टेंबरात, आणि सगळी इंडस्ट्री या बाजूला धावली. नोकियाने ओझो नावाचा आठ लेन्सचा कॅमेरा ६०,००० डॉलरला जाहीर केला. गोप्रोने १६ कॅमेऱ्यांची ओडिसी १५,००० डॉलरला काढली, तीही गुगलच्या जंप या योजनेतून निवडलेल्या लोकांनाच. फेसबुकने २०१६ मध्ये १७ कॅमेऱ्यांच्या यंत्राचे आराखडे मोफत खुले केले, पण त्याचे सुटे भागच ३०,००० डॉलरच्या घरात जात होते. त्या मानाने सहा गोप्रोंचा ओम्नी सगळ्या सामानासकट ५,००० डॉलरला मिळायचा, आणि तो स्वस्त म्हणून वाखाणला जायचा!

पुढे काय झालं बघा. ओझोची किंमत २०१६ मध्ये ४५,००० वर आली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये नोकियाने त्यावरचं काम थांबवलं. गुगलने जंप २०१९ मध्ये बंद केलं. स्टिचिंगसाठी, म्हणजे वेगवेगळ्या लेन्सची चित्रं एकमेकांना जोडायला, जे सॉफ्टवेअर जवळपास सगळे वापरत, ते कोलर या फ्रेंच कंपनीचं ऑटोपॅनो व्हिडिओ. गोप्रोने कोलर २०१५ मध्ये विकत घेतली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये बंद केली. दुसरं नाव होतं व्हिडिओस्टिच. तीही कंपनी २०१८ मध्येच मिटली. जाताना तिचा कोड स्टिचएम या नावाने खुला झाला, एवढंच.

ज्या स्टुडिओंनी तेव्हा कर्ज काढून ही यंत्रं घेतली, त्यांच्याकडे यंत्र शाबूत होतं आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर गेलं होतं. या क्षेत्रातला सर्वांत महागडा धोका तो आहे. त्यामुळे कुठलाही कॅमेरा घेताना विचारायचं: उद्या कंपनीचं ॲप बंद पडलं तर माझ्या फाइली दुसऱ्या कशात उघडतील? आजच्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांत उत्तर बरंच आशादायक आहे, कारण आत शेवटी दोन गोल फिशआय, म्हणजे अतिरुंद लेन्सची, चित्रंच असतात. सहा-आठ लेन्सच्या यंत्रात तसं नाही.

माझ्याकडे चार-पाच जुने ॲक्शन कॅमेरे पडून आहेत. ते एका चौकटीवर बसवून त्यांची रिग बनवली तर?

शिकायला मजा येईल, पैसे वाचणार नाहीत. सगळे कॅमेरे एकाच मॉडेलचे, एकाच सेटिंगवर हवेत. ते एकाच क्षणी सुरू होत नाहीत, म्हणून टाळी वाजवून किंवा रिग झटकन फिरवून फाइली एकमेकींशी जुळवाव्या लागतात. एक कॅमेरा तापून बंद पडला की सगळा शॉट वाया. शिवाय प्रत्येकाचं कार्ड, प्रत्येकाची बॅटरी, आणि रात्री चार्जिंगला विस्तार-बोर्ड कमी पडतो. कॅमेऱ्यांच्या लेन्स एकमेकींपासून लांब असल्यामुळे जवळच्या माणसाचा चेहरा जोडावर तुटतो. तो दुरुस्त करण्यात जाणारे तास मोजले तर नवा कॅमेरा स्वस्त वाटेल.

सॉफ्टवेअर फुकटात भागतं का?

बऱ्याच अंशी, हो. पण कुठे अडतं ते आधी कळलेलं बरं.

स्टिचिंग: दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांसाठी कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, इन्स्टा३६० स्टुडिओ किंवा गोप्रो प्लेयर, मोफत मिळतं. दोन चित्रांची जोडणी, हादरे काढणं, क्षितिज सरळ करणं, रीफ्रेमिंग, सगळं त्यात होतं. कारखान्यातलं प्रत्येक लेन्सचं माप फाइलीतच लिहिलेलं असतं आणि ते याच सॉफ्टवेअरला नीट वाचता येतं, म्हणून पहिली पायरी इथेच करावी. जोडावर फारच त्रास असेल किंवा सहा लेन्सचा कॅमेरा असेल तर स्पेनच्या एसजीओ कंपनीचं मिस्टिका व्हीआर हे व्यावसायिक साधन आहे. त्याला सबस्क्रिप्शन लागतं, पण त्याची गरज सगळ्यांना नाही.

संकलन: डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती रीफ्रेम केलेल्या सपाट व्हिडिओला भरपूर झाली. अडतं ते इथे: मोफत आवृत्तीतून ३,८४० बाय २,१६० पेक्षा मोठं चित्र बाहेर काढता येत नाही. ३६०ची चौकट दोनास एक या प्रमाणात असते, म्हणजे हाती येतात ३,८४० बाय १,९२०. तुम्ही ८केचे पैसे मोजून आणलेलं चित्र शेवटच्या पायरीवर ४केचं झालं. पूर्ण आकारात द्यायचं असेल तर स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते. ती २९५ डॉलरची, एकदाच मोजायची. ॲडोबीचं प्रीमियर प्रो दर महिन्याच्या भाड्यावर मिळतं. ॲडोबीने २०१७ मध्ये मेटल कंपनीची ३६०ची साधनं विकत घेऊन ती त्यातच मिसळली, त्यामुळे गोल चित्रावर इंग्रजी-मराठी अक्षरं न वाकता बसवणं, ब्लर, संक्रमणं हे तिथे सोयीचं पडतं. अमेरिकेत २२.९९ डॉलर महिना या दराने तीन वर्षांचे ८२८ डॉलर होतात. आधीपासून प्रीमियरचं भाडं भरत असाल तर प्रश्न नाही. फक्त ३६०साठी नव्याने घेत असाल तर रिझॉल्व्ह स्वस्त पडतं. मॅक असेल तर फायनल कट प्रोमध्येही २०१७ च्या अखेरपासून ३६०ची सोय आहे, तेही एकरकमी.

बाकीची फुटकळ हत्यारं: एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनात २०२० पासून व्ही३६० नावाचं फिल्टर आहे. ३६०चं चित्र एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत (जसं दोन फिशआयमधून एका सपाट चौकटीत) बदलायला ते पूर्णपणे फुकट आणि अतिशय भरवशाचं, फक्त काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची तयारी हवी. स्थिर चित्र जोडायला ह्युगिन फुकट आहे, पीटीगुई विकत. कॅमेऱ्याखालचा स्टँड पुसायला ब्लेंडर किंवा फोटोशॉपसारखं काहीही चालतं.

संगणक नवा घ्यावा लागेल का?

जुन्यावर आधी एक गोष्ट तपासा: ग्राफिक्स कार्डाला ८के एच.२६५ (हे कॅमेरे व्हिडिओ दाबून साठवतात ती पद्धत) फाइल स्वतः उलगडता येते का. एनव्हिडियाच्या २०१६ नंतरच्या बहुतेक कार्डांना ते जमतं. जमत नसेल तर प्रोसेसर कितीही दांडगा असला तरी टाइमलाइन अडखळत चालते. हे कळायला सोपा मार्ग म्हणजे कुणाकडून तरी त्या कॅमेऱ्याची एक खरी फाइल मागून घ्यायची आणि स्वतःच्या मशीनवर उघडायची. दुकानात जाण्यापूर्वी एवढं केलंत तर मोठा खर्च टळू शकतो.

तरीही अडखळत असेल तर लगेच मशीन बदलू नका. प्रॉक्सीवर, म्हणजे हलक्या प्रतीवर, संकलन करा आणि शेवटचं रेंडर रात्री लावून झोपा. महिन्यात दोन-तीन कामं असतील तर एवढ्यावर वर्षं निघतात. रोजचं काम असेल तर मात्र रेंडरचे तास हेच तुमचं नुकसान, तेव्हा ग्राफिक्स कार्डावर खर्च करावा.

कार्ड आणि डिस्कचा खर्च किती धरावा?

लोक हाच खर्च विसरतात. एक्स३चा सर्वाधिक वेग सेकंदाला १२० मेगाबिट, म्हणजे तासाला ५४ जीबी. एक्स४चा २००, म्हणजे तासाला ९० जीबी. चार तासांच्या लग्नाचं मूळ शूट ३६० जीबी झालं आणि दुसरी प्रत ठेवायचीच, म्हणजे ७२०. त्यात पूर्ण ८के आकाराची प्रोरेस ४२२, म्हणजे संकलनासाठीची कमी दाबलेली, फाइल काढलीत तर एका तासाला ९०० जीबीहून जास्त जागा खाते. एवढ्यासाठी शक्यतो तुकडे निवडून मगच बाहेर काढावेत, सगळं शूट काढू नये.

कार्ड व्ही३० दर्जाचं (ही वेगाची खूण कार्डावरच छापलेली असते), ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, आणि ती नेमकी कन्यादानाच्या वेळी थांबतात. मूळ फाइली गिऱ्हाइकासाठी किती महिने सांभाळणार हे कोटेशनमध्येच लिहा. नाहीतर दोन वर्षांनी फोन येतो आणि तोवर तुम्ही डिस्कांचं गोदाम चालवत असता.

काठी, स्टँड, लेन्स गार्ड हे सगळं खरंच लागतं?

काठी लागतेच. दोन्ही लेन्सच्या मधल्या आंधळ्या पट्टीत ती बसते आणि चित्रातून नाहीशी होते. जाड ट्रायपॉडचे पाय मात्र दिसतात, म्हणून बारीक काठी आणि खाली छोटे पाय असं घ्यायचं. इथेच खरी गोम आहे: उंच काठी, वर वजन, खाली टीचभर पाय. गडावरचा वारा, मंडपातला पंखा किंवा पळतं पोर, कशानेही ती पडते आणि पडताना फुगीर लेन्सवरच पडते. तिला सपाट काच नसते. एक ओरखडा आला की तो प्रत्येक शॉटमध्ये, अर्ध्या चित्रात दिसतो. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर काम त्याच दिवशी पुढे चालतं. नसेल तर कॅमेरा सेवा केंद्रात आणि तुम्ही घरी. म्हणून पायांशी वाळूची पिशवी ठेवा. तिच्याइतकी स्वस्त विम्याची पॉलिसी नाही.

गार्ड, म्हणजे लेन्सवरचं पारदर्शक झाकण, लावला तर दिव्यांची झळाळी येते आणि जोड किंचित ढळतो. बाइकवर, समुद्रावर, गुलालात लावावा. आत, रात्री काढावा.

आवाजासाठी वेगळा खर्च करावा का?

रीफ्रेमिंगला नको. साधा कॉलर माइक किंवा हातातला रेकॉर्डर पुरे. फिरवून बघायच्या व्हिडिओत मात्र डावीकडचा ताशा मान वळवली की समोरून ऐकू यावा लागतो. त्यासाठी चार चॅनेलचा अँबिसॉनिक, म्हणजे दिशेसकट टिपलेला, आवाज लागतो. झूमचा एच३-व्हीआर २०१८ मध्ये ३५० डॉलरला आला, सेनहायझरचा अँबिओ माइक त्याच्या चौपटीहून महाग. आवाज जुळवायला रीपर हे सॉफ्टवेअर छोट्या व्यावसायिकांना ६० डॉलरच्या परवान्यात मिळतं आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संस्थेचे आयईएम प्लगिन फुकट आहेत. फेसबुकचं याच कामाचं मोफत साधन एकेकाळी सगळे वापरायचे. तेही बंद झालं.

भजन, ढोलपथक, जंगलातली पहाट असे विषय असतील तरच हा खर्च करा.

गिऱ्हाइकाला थ्रीडी हवं आहे. जमवता येईल?

पूर्ण ३६० आणि थ्रीडी दोन्ही म्हणजे दोन डोळ्यांची दोन चित्रं, पिक्सेल दुप्पट, जोडांचा त्रास त्याहून जास्त. इन्स्टा३६० प्रो २ हा सहा लेन्सचा कॅमेरा २०१८ मध्ये ५,००० डॉलरला आला होता. त्याला सात कार्डं लागतात. एका कामासाठी असा कॅमेरा घेऊ नये, भाड्याने आणावा.

मधला मार्ग व्हीआर१८०चा: फक्त समोरचं अर्धगोल, पण थ्रीडी. कॅननची दुहेरी फिशआय लेन्स २०२१ मध्ये २,००० डॉलरला आली. कॅननचीच आर५ कॅमेरा बॉडी आधीच असेल तर हा पर्याय हिशेबात बसतो. लावणी, कीर्तन, शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण, जिथे सगळं समोरच घडतं, तिथे मागचं अर्धं वर्तुळ शूट करून मिळतं काय? प्रेक्षकांच्या खुर्च्या. याच जातीचा पण हेडसेटवरच्या सिनेमासाठी बनवलेला ब्लॅकमॅजिकचा उर्सा सिने इमर्सिव्ह सुमारे ३०,००० डॉलरचा आहे. तो इथे केवळ माहितीसाठी.

होमस्टे किंवा फ्लॅट दाखवायला व्हिडिओ लागेल का?

बहुधा नाही. पाहुण्याला खोली, बाथरूम, अंगण निवांत बघायचं असतं, त्यासाठी ३६०चे स्थिर फोटो जास्त स्पष्ट, जास्त हलके आणि कितीतरी स्वस्त पडतात. कोकणात रेंज एक काडी असते, तिथे ८के व्हिडिओ उघडणार कोण? फोटोंची फेरी स्वतःच्या साइटवर लावायला पॅनेलम आणि मार्झिपानो ही दोन मोकळी, फुकट साधनं आहेत. मॅटरपोर्टसारख्या सेवा देखण्या आहेत, पण त्यांचा दर महिन्याचा आकडा धरून हिशेब करा: सबस्क्रिप्शन थांबलं की तुमच्या फेऱ्याही दिसेनाशा होतात.

गुगल स्ट्रीट व्ह्यूसारखं रस्त्यांचं काम या कॅमेऱ्यावर मिळेल?

त्या पातळीचं नाही. भारतात स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झालं, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. चित्रण मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा यांनी केलं. ती गाड्यांवर बसवलेली वेगळ्याच बजेटची यंत्रणा असते.

गड, लेणी, वारी इथे शूट करताना वेगळा खर्च येतो का?

रायगड, अजिंठा, वेरूळ ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडची ठिकाणं. तिथे स्टँड लावायला आणि व्यावसायिक चित्रणाला आधी परवानगी काढावी लागते. काठीला पाय जोडले की पहारेकऱ्याच्या लेखी तो स्टँडच. परवानगीचा वेळ आणि शुल्क कोटेशनमध्ये धरा.

वारीत किंवा मिरवणुकीत खर्च माणसांचा असतो. ३६०मध्ये ‘फ्रेमच्या बाहेर’ अशी जागाच नाही, त्यामुळे दिवे लपवता येत नाहीत, सहायक लपवता येत नाही, केटरिंगचा टेम्पो लपवता येत नाही. कॅमेरा उभा करून तुम्हीच गर्दीत मिसळायचं, आणि त्याच्यावर नजर ठेवायला एक माणूस वारकऱ्यांसारखाच दिसेल असा उभा करायचा. त्याचा दिवसभराचा मेहनताना कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा जास्तही होऊ शकतो.

विकत, भाड्याने की सेकंडहँड?

वर्षाला चार-पाच कामं असतील तर भाड्याने. मुंबई-पुण्यात मिळतात. अनामत आणि ओरखड्याची जबाबदारी कुणाची, हे आधी लिहून घ्या.

सेकंडहँड घेताना फोनच्या टॉर्चचा उजेड लेन्सवर तिरपा टाकून बघा, मग एक मिनिट शूट करून संगणकावर जोड तपासा. फोनच्या छोट्या पडद्यावर सगळंच गुळगुळीत दिसतं. आधीच्या मालकाच्या खात्यातून कॅमेरा सुटला आहे ना, तेही त्याच्यासमोरच बघा. २०१५ ते २०१८ मधली कुठलीही बहुकॅमेरा रिग कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

एका कामाचा दर कसा ठरवायचा?

समजा कॅमेरा, कार्डं, बॅटऱ्या, काठी, डिस्क मिळून एक लाख रुपये गेले. तीन वर्षांनी विकून पंचवीस हजार आले तर पंचाहत्तर हजार वसूल करायचे. वर्षाला २५ कामं केलीत तर एका कामावर हजार रुपये पडतात, पाचच केलीत तर पाच हजार. हा झाला फक्त सामानाचा खर्च. यात सॉफ्टवेअर, वीज आणि प्रवास मिळवा, मग तुमचे तास. शूट अर्ध्या दिवसाचं असलं तरी ३६०चं संकलन साध्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळ घेतं, कारण प्रत्येक शॉटमध्ये कुठे बघायचं हे तुम्हाला शूटनंतर ठरवायचं असतं. कॅमेरामनचं अर्धं काम टेबलावर येतं आणि त्याचे पैसे कुणी आपणहून देत नाही. ‘जोडीला थ्री-सिक्स्टी फ्री’ अशी ऑफर देणाऱ्यांनी हा शेवटचा भाग मोजलेला नसतो.

करात काही सूट मिळते का?

जीएसटी नोंदणी असेल तर कॅमेऱ्यावर भरलेला १८ टक्के कर इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. त्यासाठी बिल फर्मच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह हवं. (हा कर २०१८ च्या अखेरपर्यंत २८ टक्के होता.) आयकरात संगणक आणि सॉफ्टवेअरवर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात, कॅमेऱ्यावर सर्वसाधारणपणे १५. अंदाजित नफ्यावर कर भरण्याची (प्रिझम्प्टिव्ह) योजना घेतली असेल तर घसारा वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएला विचारून मगच खरेदीचा महिना ठरवा.

यूट्यूबवर टाकायला पैसे लागतात का? माझा व्हिडिओ तिथे सपाटच दिसतोय.

पैसे लागत नाहीत. सपाट दिसतो कारण फाइलमध्ये ‘हा ३६० आहे’ ही खूण राहिलेली नाही. एक्स्पोर्ट करताना व्हीआरचा पर्याय निवडा, किंवा गुगलचं मोफत स्पेशियल मीडिया मेटाडेटा इंजेक्टर वापरून ती खूण घाला आणि फाइल पुन्हा चढवा. चढवल्यावर मोठ्या आकाराची आवृत्ती तयार व्हायला तास-तास लागतात. तोवर तो धूसर दिसेल, गिऱ्हाइकाला लिंक पाठवायची घाई करू नका.

पुतण्या अमेरिकेतून येतोय. त्याच्याकडून मागवू का?

किमतीतला फरक दिसतो तेवढा उरत नाही. तिथला विक्रीकर दुकानात लागतो, इथे सामानाच्या सवलतीपेक्षा जास्त किंमत झाली तर विमानतळावर ड्युटी. वॉरंटी अनेकदा त्या देशापुरतीच असते, आणि फर्मच्या नावाचं जीएसटी बिल नसल्यामुळे इनपुट क्रेडिटही गेलं. स्वतःच्या हौसेसाठी घेत असाल आणि फरक मोठा असेल तर मागवा. त्याला एवढंच सांगा की जादा बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात.